चार बोटांचा पंजा

मित्रांनो, मी तुमच्या करंगळीपेक्षा थोडासाच लांब आहे. हातोडीचे घाव खाऊन खाऊन माझ्या डोक्याची कड चहूबाजूंनी मुडपली आहे आणि तळाला कोरलेलं चित्र जरासं बुजलं आहे. मी एक जुना ठसा आहे. पोलादाचा. कडीच्या पाठीवर मला उभं धरायचं, वरून एकच घाव घालायचा आणि मला उचललं की खाली चार बोटांचा इवलासा पंजा उमटलेला दिसायचा. त्या पंजाच्या भरवशावर माणसं उभ्या कातळावर पाठ टेकल्यासारखी निवांत लोंबकळत. पायाखाली दीडशे फूट नुसती हवा असे.

माझी गोष्ट ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगतो. तरी शेवटपर्यंत ऐका. तुमच्यापैकी कुणाचा तरी तिच्याशी संबंध असू शकतो.

मला घडवणाऱ्या माणसाला सगळे चिकटेकाका म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. कातळाला ते असे चिकटत की खालून पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाला देवाने हातापायाला गोंद लावूनच पाठवलं आहे. त्यावरून कुणीतरी चिकटे म्हटलं आणि तेच चिकटलं. पुढे पोस्टमननेही पत्रांवर तेच वाचलं, म्हणून तोही तेच म्हणू लागला. खरं आडनाव सांगितलं तर गल्लीतली माणसं विचारायची, "हे कोण? नवीन राहायला आलेत का?"

कातळ चढणाऱ्यांना दोर अडकवायला झडपेची एक कडी लागते. झडप बोटाने दाबली की उघडते, सोडली की खट्कन मिटते. दुकानात तिला कॅराबिनर म्हणतात, आमच्याकडे नुसतं कडी. काका त्या कड्या स्वतः घडवत. घराच्या मागे दोन खोल्या होत्या. एकीत भट्टी आणि ऐरण, दुसरीत लाकडी मेज, वस्तू घट्ट धरणारा शेगडा आणि छताला आडवी एक जाड तुळई. आठवडाभर कड्या घडवायच्या आणि रविवारी त्यांच्यावरच लटकायचं, असा त्यांचा क्रम. "स्वयंपाक्याने आधी आपल्या हातचं खावं," ते म्हणत, "म्हणजे मीठ विसरत नाही."

माझा जन्म त्यांच्या लेकीमुळे झाला. ती तेव्हा पाच वर्षांची. तिचं नाव काहीही असो, काका तिला ठमी म्हणत. एकदा ठमीने खडूने भट्टीच्या दारावर आपल्या बाबांचा हात काढला. बोटं चारच.

"ठमे, पाचवं कुठंय?"

"ते दोर धरायला गेलंय."

काका इतके हसले की हातातला चिमटा खाली पडला. त्याच संध्याकाळी त्यांनी एका तुटक्या छिन्नीचा तुकडा घेतला, त्याच्या टोकाला तोच चार बोटांचा पंजा कोरला, मला लाल होईपर्यंत तापवलं आणि तेलात बुडवलं. चर्र झालं. मी कडक झालो. मित्रांनो, एखाद्याचा जन्म हसण्यातून होतो, तसा माझा झाला. पुढे कित्येकांना वाटे की या कारागिराचं एक बोट यंत्रात गेलं असावं. लोक त्यांच्या हाताकडे चोरून बघत आणि पाचही बोटं जागच्या जागी पाहून गोंधळून जात.

पण मला उगाच कुठेही उमटवायची मुभा नव्हती. आमच्याकडे एक रीत होती. कडी घडवून, कानशीने घासून, झडप बसवून झाली की ती तुळईला टांगायची. मग शंभर किलो वाळूचं पोतं दोराला बांधून पुरुषभर उंचीवरून तिच्यावर सोडायचं. धाडकन आवाज व्हायचा, भांड्यांच्या फडताळातले पेले किणकिणायचे, आणि आतून काकू ओरडायच्या, "अहो, घर पाडा आता एकदाचं!" कडीच्या आतल्या वळणावर त्या धक्क्याचा एक बारीक व्रण उमटे. झडप पूर्वीइतकीच सहज उघडली तर कडी पास. जराही अडली तर काका तिचे करवतीने दोन तुकडे करत.

"अख्खी का नाही टाकत भंगारात?" ठमीने एकदा विचारलं होतं.

"भंगारातून कुणी उचलली तर? त्याला काय माहीत ती नापास आहे!"

पोतं झालं की काका स्वतः त्या कडीला लटकत. चढाईच्या पट्ट्यात बसून, पाय हवेत, हातात चहाचा कप. तुळई कुरकुरायची. चहा संपला की खाली उतरायचे, मला उचलायचे आणि ठण्ण! म्हणजे माझा अर्थ एवढाच होता, मित्रांनो. 'हिला मी लटकलो आहे, आता तू लटक.' यापेक्षा एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही.

तीस वर्षं मी हे काम केलं. माझी स्तुतीही पुष्कळ झाली. दूरदूरची माणसं येत, कडी उलटी करून आधी पंजा शोधत आणि मग खिशात टाकत. कुणी चुकून दुसरीकडची कडी आणली, तर चढणाऱ्यांत थट्टा व्हायची, "याच्या कडीला हातच नाही, ही धरणार कशाने?" मी मेजावर पडल्या पडल्या ऐकायचो आणि फुगायचो. पोलाद फुगतं ते फक्त उष्णतेनेच असं नाही.

आता लंबूकाकांबद्दल सांगायला हवं. ते काकांचे चढाईतले जोडीदार. उंच, खांदे रुंद, आवाज खर्जातला, रडू चटकन येणारं. काका वर चढत तेव्हा खाली दोर सांभाळायला तीस वर्षं तेच. दोर सांभाळणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगतो. वरचा घसरला तर खालच्याच्या दोन हातांत त्याचा जीव असतो. काका तीन वेळा घसरले, तिन्ही वेळा लंबूकाकांनी धरलं. ठमी त्यांच्या खांद्यावर बसून मोठी झाली. तिच्या लग्नात वडिलांपेक्षा तेच जास्त रडले, तेव्हा काका म्हणाले, "अरे, पोरगी माझी आहे ना? मला तरी थोडं रडू दे!"

असं सगळं असताना काका आजारी पडले. छातीचा आजार. भाता ओढणाऱ्या माणसाचाच श्वास उणा पडू लागला. तरी ते रोज मागच्या खोलीत यायचे. एके दिवशी एक कडी पोत्याच्या कसोटीला उतरली. काका पट्ट्यात बसून लटकले. मी मेजावरून पाहत होतो. आणि माझ्या लक्षात आलं, तुळई कुरकुरलीच नाही.

त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते खाली उतरले, मला हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि परत ठेवून दिलं. घाव न घालता.

"ठमे, वजनकाटा आण गं."

सेहेचाळीस किलो भरले.

"हे काही माणसाचं वजन नाही," काका म्हणाले. "मांजराचं आहे. मांजर लटकलं म्हणून सांगायला ठसा कशाला?"

लंबूकाका तिथेच होते. त्यांचे डोळे भरून आले. "अरे, मी लटकतो ना! मी चांगला दणकट आहे. तू नुसता ठसा मार."

"मग तुझा वेगळा ठसा कर. पंजाचा अर्थ मी लटकलो असा आहे. तू लटकलास असा नाही."

"काय फरक पडतो रे?"

"आज पडत नाही. एकदा अर्थ हलला की मग हलतच राहतो."

त्या दिवसानंतर मी एकदाही उमटलो नाही. शेवटच्या आठवड्यात काकांनी मला एका मऊ कापडाच्या तुकड्यात गुंडाळलं. ठमी त्या वेळी दोन महिन्यांची ओली बाळंतीण, तिला रात्र कळत नव्हती की दिवस. म्हणून त्यांनी मला लंबूकाकांच्या हातात दिलं.

"हा मोडवत नाही मला. पोरीच्या हातची रेघ आहे. तुझ्याकडे ठेव, बाळ जरा मोठं झालं की तिला दे. पण उमटवायचा नाही. कशावरच नाही. शब्द दे."

"शब्द दिला," लंबूकाका म्हणाले आणि मला मुठीत घट्ट धरलं. तीस वर्षं दोर धरणारी मूठ ती. मला त्यात किती निर्धास्त वाटलं, कसं सांगू? चार दिवसांनी काका गेले.

पुढचं वर्ष मी एका बिस्किटांच्या डब्यात काढलं. वर, कपाटाच्या माथ्यावर. डब्यात माझ्या सोबतीला बटणं होती, एक बंद पडलेलं घड्याळ होतं. त्यांच्याशी काय बोलणार? त्यांनी कधी कुणाला लटकवलं नव्हतं. मला वाईट वाटायचं, पण राग नव्हता. मी मनाला सांगायचो, शब्द पाळला जातोय. विसरलेलं असणं म्हणजेच सुरक्षित असणं.

वर्ष होत आलं तसं लंबूकाकांनी ठरवलं की चिकटेकाकांच्या आठवणीसाठी सगळ्या चढणाऱ्यांना बोलवायचं आणि प्रत्येकाला त्यांची एकेक कडी द्यायची. हेतू चांगला होता. अडचण एवढीच की मागे राहिलेल्या खऱ्या कड्या होत्या सहा, आणि येणारी माणसं होती चाळीसच्या वर. मग ते दारांच्या मुठी ओतणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि हुबेहूब तशाच एक्केचाळीस कड्या ओतून आणल्या. आमच्या कड्या घडीव, या ओतीव. चकचकीत, झडपसुद्धा मिटणाऱ्या. पण घडीव आणि ओतीव यांत फरक किती, तर पिळलेल्या दोरात आणि वळलेल्या शेवयांत जितका असतो तितका. मुठीवाला स्वतः कड्या द्यायला आला होता. तो जाता जाता म्हणाला, ते मी डब्यातून ऐकलं.

"साहेब, शोभेच्या आहेत हं या. पिशवीसुद्धा जपून अडकवा."

"हो हो. भिंतीवर लावायच्यात," लंबूकाका म्हणाले.

मग डब्याचं झाकण उघडलं.

मित्रांनो, त्या संध्याकाळबद्दल मला फार बोलवत नाही. पहिल्या कडीवर त्यांनी मला धरलं तेव्हा मला वाटलं, ते नुसते आठवण काढतायत, आता परत ठेवतील. त्यांचा हातही थांबला होता. मग हातोडी आली. पोलादावर उमटताना मला नेहमी जोर लागायचा, समोरून कुणीतरी उलट ढकलतंय असं वाटायचं. इथे मी लोण्यात बोट जावं तसा आत गेलो. ठण्ण झालंच नाही. एक मऊ, मेलेला आवाज. असे एक्केचाळीस. आणि प्रत्येक घावाला लंबूकाकांच्या डोळ्यांत पाणी. लोक म्हणतात, रडणारा माणूस खोटं करत नाही. मी तुम्हाला सांगतो, करतो. रडत रडत करतो.

कार्यक्रम आमच्याच मागच्या खोलीत झाला. मी लंबूकाकांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात होतो. भट्टी झाडून पुसून ठेवली होती, तिच्यावर काकांचा फोटो. माणसं दारापर्यंत दाटली होती. त्यांत दातांचे डॉक्टर होते. त्यांना काकांनीच चढायला शिकवलं होतं, आणि लोकांच्या जबड्यात वाकून वाकून आखडलेली त्यांची पाठ कातळावरच सरळ झाली होती. ते म्हणाले, "काका मला नेहमी सांगायचे, दात उपटतोस तसं कातळाला उपटायला जाऊ नकोस, तो तुलाच उपटेल." सगळे हसले. हसता हसता नाकं ओढली गेली.

मग लंबूकाकांनी कड्या वाटल्या. प्रत्येकाने कडी घेतली, उलटी केली, पंजा पाहिला. नेहमीसारखंच. कुणीतरी विचारलं, "काकांच्या हातच्या?"

तिथे एक क्षण होता. एवढासा. 'नाही, या आठवणीच्या आहेत, भिंतीवर लावा.' सहा शब्द. लंबूकाकांनी समोरच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. हो अशी.

मग ठमी पुढे आली, कडेवर वर्षाची छकुली. "लंबूकाका, बाबांनी कधी केल्या या एवढ्या? मी तर पाहिल्याच नाहीत."

"शेवटी शेवटी," ते म्हणाले. "तू बाळंतीण होतीस ना. तुला दाखवल्या नाहीत."

ठमीने ती कडी गालाला लावली. मी खिशात होतो. मला तोंड असतं तर! मला तर फक्त तळ आहे, आणि त्यावर जे आहे ते एकदा उमटलं की मागे घेता येत नाही.

आता तुम्ही विचाराल, कडी दिली आठवण म्हणून, तर लोक तिच्यावर चढतील कशाला? पण चढणाऱ्यांची जातच तशी. त्यांना एखाद्याची आठवण म्हणून फोटो दिला तर ते तो पेटीत ठेवतील. पण कडी दिली, आणि तीही त्याच्या ठशाची, तर ते तिला भिंतीवर कशाला लावतील? काकांना मान द्यायचा तर येत्या रविवारी त्यांच्या कडीवर लटकायचं, हेच त्यांना ठाऊक. हे लंबूकाकांना कळायला हवं होतं. सगळ्या जगात कुणाला कळलं नसतं तरी त्यांना.

रविवार दोन दिवसांवर होता. सकाळी सात-आठ जण कातळापाशी जमले. लंबूकाका त्याच जाकिटात, मी त्याच खिशात. दातांचे डॉक्टर वर चढत होते आणि त्यांचा दोर लंबूकाकांच्या हातात होता. वाटेत कातळात ठोकलेल्या मेखांना कड्या अडकवायच्या, कडीतून दोर ओवायचा, पुढे जायचं. खालच्या मेखेला डॉक्टरांनी आपली वीस वर्षांची जुनी, खरी कडी लावली. वरच्या मेखेला नवी. आणि वरून ओरडले,

"लंबूकाका! चिकटेकाकांच्या कडीवर आलोय! जरा बसून घेतो, दोर ताठ करा!"

लंबूकाकांनी तोंड उघडलं. माझ्यापाशीच त्यांचं काळीज होतं, ते कसं धडधडलं ते मी ऐकलं. बसू नका, एवढं म्हणायचं होतं. पण बाजूला सात-आठ माणसं होती, आणि तसं म्हटलं असतं तर का, हेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यात खिशातला फोन माझ्या अंगाला थरथरू लागला. दोन्ही हात दोरावर. फोन थरथरतच राहिला.

डॉक्टर मागे रेलले.

कडी कशी उघडली ते मी पाहिलं नाही. आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा. मग ओरडणं, दोराची सर्र सर्र. खालची जुनी कडी टिकली, लंबूकाकांनी दोर सोडला नाही. तळहाताची सालटी निघाली तरी सोडला नाही, हे मी सांगायलाच हवं. पण मधल्या पंधरा फुटांत एक कातळाचा कंगोरा होता. डॉक्टरांचं उजवं मनगट आणि घोटा त्याच्यावर आपटले. दोन्ही मोडले.

फोन ठमीचा होता. हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. त्या सकाळी ती ओट्यापाशी होती आणि छकुलीने खेळता खेळता ती कडी फरशीवर फेकली. त्या वयाचं बाळ दुसरं काय करणार? कडी पडली ती थप्प वाजली. ठमीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिने कडी उचलून पुन्हा टाकली. पुन्हा थप्प. ऐरणीच्या आवाजात लहानाची मोठी झालेली पोर ती, बाबांची कडी कशी वाजते हे तिला झोपेतही कळलं असतं. तिने उजेडात आतलं वळण पाहिलं. व्रण नव्हता. मग तिने फोन लावला. एकदा, दोनदा, सहा वेळा.

कातळापाशी असलेल्या कुणीतरी तिला कळवलं, तशी ती आली ती थेट इस्पितळात. छकुली कडेवर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. लांब, फिनाइलचा वास असलेल्या बोळात बाकावर लंबूकाका बसले होते, हातांना पट्ट्या.

"ठसा द्या."

"ठमे, आधी ऐकून तर घे."

"ठसा द्या, काका."

त्यांनी मला काढून तिच्या हातात ठेवलं. वर्षभरानंतर मी तिच्या हातात येत होतो, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"मला वाटलं, सगळ्यांकडे त्याचं काहीतरी असावं," लंबूकाका म्हणाले. "माझं त्याच्यावर किती प्रेम होतं, तुला माहितीय. प्रेमापोटी झालं गं."

"प्रेम तुमचं होतं. मग ठसाही तुमचा मारायचा." तिचा आवाज चढला नाही. छकुली तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होती. "बाबा तीनदा पडले, तुम्ही तीनदा धरलंत. या वेळी त्यांना खाली कुणी टाकलं, काका?"

समोरून चाकाच्या गाडीवर डॉक्टर आले, हातापायाला पांढरंफेक प्लॅस्टर. गुंगीतच त्यांनी ठमीकडे पाहिलं. "घाबरू नकोस गं. चार महिने गावातले दात सुखरूप." तेव्हा मात्र ठमी रडली.

त्यानंतरचे दोन आठवडे ठमी आणि लंबूकाका दारोदार फिरले. छकुली पाठुंगळी, लंबूकाकांच्या खांद्याला कापडी पिशवी. ठमीची अट एकच होती. कडी ती मागेल, पण कारण लंबूकाकांनी सांगायचं, आणि स्वतःच्या तोंडाने. प्रत्येक दारात ते उभे राहत आणि म्हणत, "या कड्या त्याच्या हातच्या नाहीत. मी खोटं बोललो." पहिल्या दारात हे म्हणायला त्यांना पाव तास लागला. काहींनी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. काहींनी दार लावून घेतलं. एक आजीबाई तर म्हणाल्या, "मी या वयात कुठे चढतेय? राहू दे ना भिंतीवर, छान दिसते."

"तुमचा नातू चढेल ना," ठमी म्हणाली आणि कडी हातात पडेपर्यंत हलली नाही.

आणलेली प्रत्येक कडी तिने शेगड्यात धरून करवतीने कापली. माझा पंजा प्रत्येक वेळी मधोमध दुभंगला. दुखलं का, असं विचाराल तर नाही. उमटताना दुखलं होतं.

डॉक्टरांची मोडलेली आणि ठमीची स्वतःची धरून अशा चाळीस परत आल्या. एक्केचाळिसावी आली नाही.

ती एका परक्या माणसाने नेली होती. पाठीवर लाल सॅक, दाढी वाढलेली, वयाने तरुण. कार्यक्रमात मागे दाराशी उभा होता. कुणाला तरी म्हणाला होता की चिकटेकाका त्याला एकदा एका कातळावर भेटले होते आणि त्याची गाठ चुकली होती ती त्यांनी सोडून पुन्हा बांधून दिली होती. कडी घेऊन तो डोळे पुसत निघून गेला. नाव कुणी विचारलं नाही. पत्ता कुणाकडे नाही.

म्हणून मी अजून शाबूत आहे. ठमीने खरं तर माझ्या तळावरून कानस फिरवायचंच ठरवलं होतं. पण ती कडी सापडेपर्यंत तिला माझी गरज आहे. ती मला शाईत बुडवते, कागदावर उमटवते, खाली लिहिते, 'असा ठसा असलेली चकचकीत नवी कडी दिसली, तर तिच्यावर चढू नका, या पत्त्यावर पाठवा' आणि ते कागद गावोगावच्या चढाईच्या संस्थांना पाठवते. पाहिलंत ना, मित्रांनो? तीस वर्षं मी म्हणत आलो, लटक. आता माझ्याच खाली लिहिलेलं असतं, लटकू नकोस.

गेल्या महिन्यात एक पाकीट आलं. ठमीने ते उभ्या उभ्याच फोडलं. आत कडी होती, पण जुनी, काळवंडलेली, आतल्या वळणावर व्रण असलेली. अस्सल काकांच्या हातची. सोबत एका बाईची चिठ्ठी. 'ही माझ्या वडिलांची. आम्ही दोघांनी वीस वर्षं वापरली. खोट्या कड्यांचं ऐकलं, तेव्हापासून हात पुढे होत नाही. ही तरी खरी आहे का हो?'

ठमीने एक कोरा कागद पुढे ओढला. मग तिने लिहिलं, 'खरी आहे.' तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'खरी आहे. पण नुसत्या माझ्या सांगण्यावर जाऊ नका. भार देऊन तपासून घ्या.' ते पाकीट बंद करताना तिचा चेहरा मी पाहिला. एक खोटी कडी मोडते तेव्हा एका माणसाचा हात मोडतो. पण खोटा ठसा उमटतो ना, तेव्हा आधीच्या सगळ्या खऱ्या कड्या खोट्या पडतात. काकांच्या तीस वर्षांच्या कड्या आता पोरीला एकेक करून पुन्हा खऱ्या करायच्या आहेत.

लंबूकाका अधूनमधून येतात. मागच्या खोलीत बसतात, छकुलीशी खेळतात. माझ्याकडे बघत नाहीत. ठमी त्यांना चहा देते, काका म्हणते. मीही म्हणतो. सवय आहे. पण ज्या मुठीत मला एकदा निर्धास्त वाटलं होतं, ती मूठ आता मला आठवत नाही, आठवून घेतली तरी नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका. गेलेल्या माणसावर प्रेम असेल, तर त्याला दिलेला शब्द जपा. त्याची सही तुमच्या कामाखाली लावू नका. आणि कुठल्याही चिन्हावर डोळे मिटून भार टाकू नका. आधी विचारा, हे कुणी पारखलं?

आणि लाल सॅकवाल्या दादा, हे तुझ्यापर्यंत कधी पोहोचलं तर ऐक. तुझी गाठ सोडून पुन्हा बांधणारा माणूस खराच होता. त्याच्यावरचा तुझा विश्वासही खरा. फक्त तुझ्याजवळची कडी खरी नाही. तुला कुणी रागावणार नाही, कुणी काही विचारणार नाही. पत्ता त्या कागदावर आहे. कंबरेच्या पट्ट्याला अडकवली असशील तर आत्ता काढ. वर चढला असशील तर तिच्यावर टेकू नकोस, हळू उतर. आणि ती पाठवून दे, दादा. एवढं कर. पाठवून दे.